वीज, पाणी आणि अहवाल: मंगळ सराव केंद्रातील एका अभियंतीचे दिवस

अमेरिकेच्या युटा राज्यातील हँक्सव्हिल या लहानशा गावाजवळ, तांबड्या, करड्या आणि जांभळट पट्ट्यांच्या टेकड्यांमध्ये, मार्स सोसायटी या संस्थेचे 'मार्स डेझर्ट रिसर्च स्टेशन' आहे. रॉबर्ट झुब्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि पुढच्या काही वर्षांतच, या शतकाच्या सुरुवातीला, हे केंद्र उभे राहिले. माणसे मंगळावर गेली तर ती कशी राहतील, कोणत्या कामाला किती वेळ लागेल, कशावरून त्यांच्यात खटके उडतील, हे पृथ्वीवरच तपासून पाहण्यासाठी सहा-सात जणांच्या तुकड्या येथे आळीपाळीने येतात आणि साधारण दोन आठवडे राहतात. उन्हाळ्यात स्पेससूट घालून या वाळवंटात फिरणे धोक्याचे असल्यामुळे हंगाम शरद ऋतूपासून वसंतापर्यंत चालतो. अशाच एका हिवाळी तुकडीत मी अभियंता म्हणून होते.

परत आल्यावर लोक विचारतात ते स्पेससूटबद्दल, रोव्हरबद्दल म्हणजे बाहेर फिरायच्या गाडीबद्दल, आणि एकटेपणाबद्दल. या तिन्ही गोष्टींचा अनुभव मी घेतला, पण दिवसाचे बहुतेक तास त्यांत गेले नाहीत. ते गेले वीज, पाणी, तापमान आणि नोंदी सांभाळण्यात. मंगळावर उतरणाऱ्या पहिल्या माणसांचे तासही असेच जातील, असे माझे मत तेथे पक्के झाले, आणि म्हणूनच या लेखात बाहेरच्या भटकंतीपेक्षा घर चालवण्याविषयी अधिक लिहिले आहे.

तुकडी दोन प्रकारे तयार होते. काही विद्यापीठे आपली पूर्ण तुकडी पाठवतात, तर काही तुकड्या निरनिराळ्या देशांतून स्वतंत्रपणे अर्ज केलेल्यांमधून जुळवल्या जातात. आमची दुसऱ्या प्रकारची होती. प्रत्येकाने स्वतःचा एक संशोधन प्रकल्प मांडायचा, आरोग्याची माहिती द्यायची आणि तुकडीतील एक जबाबदारी स्वीकारायची, अशी पद्धत आहे. कमांडर, उपकमांडर, आरोग्य व सुरक्षा अधिकारी, अभियंता, भूवैज्ञानिक, हरितगृह सांभाळणारा आणि वार्ताहर अशा या जबाबदाऱ्या असतात. त्यांपैकी वार्ताहराचे पद मला सुरुवातीला शोभेचे वाटले होते. दिवसभर घडलेल्या गोष्टी बाहेरच्या माणसाला कळतील अशा लिहिणारा एक जण तुकडीत असला की उरलेल्यांचे अहवालही सुधारतात, हे मी तेथे पाहिले. निघण्यापूर्वी अनेक महिने आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटत होतो. प्रत्यक्ष भेट कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शन येथे झाली आणि तेथून आम्ही सगळे मोटारीने केंद्रावर पोहोचलो.

पहिला दिवस आधीच्या तुकडीकडून ताबा घेण्याचा. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या दिशेला फिरवायचा, कोणता ब्रेकर कोणत्या खोलीचा, पंप सुरू केल्यावर कसा आवाज यायला हवा, हे त्यांच्या अभियंत्याने मला हात लावून दाखवले. पुस्तिका होतीच, पण पंपाचा आवाज पुस्तिकेत वाचता येत नाही. मी त्या आवाजाचे मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवले आणि पुढे ते एकदा उपयोगीही पडले. आधीची तुकडी गाडीत बसून गेली, कमांडरने दार लावले आणि 'आपण आता सिममध्ये आहोत' असे जाहीर केले. सिम म्हणजे सिम्युलेशन, मंगळावर असल्याचा सराव. त्या क्षणापासून दाराबाहेरची हवा श्वास घेण्याजोगी नाही, असे मानून वागायचे.

राहण्याची मुख्य इमारत, म्हणजे हॅब, हा सुमारे ८ मीटर व्यासाचा दुमजली दंडगोल आहे. खालच्या मजल्यावर एअरलॉक, स्पेससूट ठेवण्याची जागा आणि स्वच्छतागृह. वर चिंचोळ्या झोपायच्या खोल्या, स्वयंपाकाचा ओटा आणि सगळ्यांनी मिळून बसायचे टेबल. हरितगृह, प्रयोगशाळेचा घुमट आणि दुरुस्तीची जागा थोड्या अंतरावर आहेत आणि त्यांच्याकडे झाकलेल्या बोगद्यांतून जाता येते. हे बोगदे हवाबंद आहेत असे गृहीत धरलेले असल्यामुळे त्यांतून सूटशिवाय चालता येते. कधी कधी आच्छादनाच्या फटीतून बाहेरचा वारा थेट अंगाला लागतो आणि त्याकडे लक्ष न देता पुढे जावे लागते. सिम टिकते ते अशा लहान गोष्टी सगळ्यांनी मनापासून पाळल्यामुळेच. एकाने जरी 'दोन मिनिटे बाहेर उभा राहून येतो' म्हटले, तरी त्यानंतर मोजलेल्या प्रत्येक आकड्याला अर्थ उरत नाही.

मात्र एक नियम सिमच्याही वर असतो. खरा अपघात झाला, आग लागली, कोणाचा जीव धोक्यात आला, तर सिम त्याच क्षणी संपते. हवाईमधील मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर 'हाय-सीज' नावाचे असेच एक केंद्र आहे. तेथे फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झालेली मोहीम एका सदस्याला विजेचा धक्का बसून रुग्णालयात न्यावे लागल्यामुळे काही दिवसांतच थांबवण्यात आली. तुकडीची अभियंता म्हणून ही घटना माझ्या मनात कायम जागी असे. कोणत्याही फलकाला हात लावण्याआधी वीज बंद केल्याचे दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासायचे, असा नियम आम्ही घातला आणि घाईच्या वेळीही तो मोडला नाही.

माझा दिवस इतरांच्या आधी सुरू होई. बॅटरीची पातळी, टाकीतील पाणी, हरितगृहाचे रात्रीतले सर्वांत कमी तापमान, प्रोपेन, रोव्हरचे चार्जिंग, असे आकडे क्रमाने वहीत लिहायचे. केंद्राची वीज सौर पॅनेलवर चालते, ती बॅटरीत साठवली जाते आणि गरज पडली तर जनरेटरचा आधार असतो. बाहेरच्या टाकीतील पाणी पंपाने हॅबमधल्या माळ्यावरच्या टाकीत चढवायचे आणि तेथून ते नळाला येते. पंप सुरू असताना तेथेच उभे राहायचे, दुसरे काम हाती घ्यायचे नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितले गेले होते. एरवी नळ उघडला की पाणी येते आणि मागचा विचार करावा लागत नाही. येथे प्रत्येक लिटर कोणीतरी वर चढवलेला असतो आणि संध्याकाळी तो अहवालात दिसतो.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तुकडीच्या सवयी सर्वांत आधी बदलल्या त्या याच बाबतीत. पहिल्या दिवसाचा वापर पाहून आम्ही सगळेच चपापलो. पिणे आणि स्वयंपाक यांना फारच थोडे लागले होते; बाकीचे भांडी, हात धुणे आणि आंघोळ यांत गेले होते. मग आम्ही कामे एकेक करून पाहिली. ताटातले आधी कागदाने पुसून घ्यायचे, एका भांड्यात साबणाचे पाणी आणि दुसऱ्यात स्वच्छ पाणी घेऊन सगळी भांडी एकदमच धुवायची, आंघोळ एक दिवसाआड आणि तीही अंग ओले करून पाणी बंद, साबण लावून पुन्हा पाणी, अशी. नियम बनवणे सोपे होते. तो कोणाला जाचक वाटू न देणे हे अवघड होते, आणि त्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती भिंतीवर लावलेली रोजच्या वापराची आलेखपट्टी. कोणाचेही नाव न घेता रेषा खाली येताना दिसली की सगळ्यांना त्यात आपला वाटा असल्यासारखे वाटे.

बाहेर जाण्याला तेथे सगळे 'ईव्हीए' म्हणतात. कोण जाणार, कुठे जाणार, नकाशावरील निर्देशांक कोणते, रोव्हर कोणता, परतण्याची वेळ काय आणि उद्देश कोणता, हे आदल्या संध्याकाळी लिहून मिशन सपोर्टकडे, म्हणजे दूर बसून पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षाचे काम करणाऱ्या गटाकडे, पाठवायचे आणि मंजुरी आली तरच निघायचे. एकट्याने बाहेर जायची परवानगी नाही. हॅबमध्ये एक जण रेडिओवर बसून राहतो, त्याला हॅबकॉम म्हणतात, आणि ते काम वाटते त्याहून थकवणारे असते, कारण बाहेरच्यांचे दृश्य डोळ्यांपुढे नसताना त्यांच्या वेळेचा, बॅटरीचा आणि जागेचा हिशेब आवाजावरून ठेवायचा असतो.

सूट चढवायला पाऊण तास सहज जातो. आधी रेडिओ आणि कानातले यंत्र नीट बसवायचे, कारण हेल्मेट लागल्यावर त्याला हात पोहोचत नाही. मग सूट, बूट, पाठीवरची पेटी, तिच्यातील पंख्यांपासून हेल्मेटपर्यंत हवा आणणाऱ्या नळ्या, शेवटी हेल्मेट आणि हातमोजे. हे सूट हवेच्या दाबाने फुगलेले नसतात. खऱ्या सूटमधील दाबाविरुद्ध बोटे वाकवण्याचा त्रास त्यांत नाही. तरीही हालचाल, दृष्टी आणि ऐकणे यांवर इतकी बंधने येतात की साधे काम वेगळे होऊन बसते. एकमेकांच्या पाठीवरची बटणे एकमेकांनीच तपासायची, प्रत्येक जोडणी मोठ्याने उच्चारायची, मग एअरलॉकमध्ये शिरून दार लावायचे आणि दाब कमी होत आहे असे मानून पाच मिनिटे थांबायचे. त्या पाच मिनिटांत कोणी फारसे बोलत नसे. आपण घेतलेल्या वस्तू मनातल्या मनात पुन्हा मोजण्याची ती शेवटची संधी असते, आणि हातोडा आत राहिल्याचे त्या वेळी आठवले तर सगळी पाच मिनिटे उलट्या दिशेने पुन्हा मोजावी लागतात.

केंद्राभोवतीचे खडक प्रामुख्याने मॉरिसन फॉर्मेशन या थराचे आहेत. उत्तर जुरासिक काळात, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, येथे वाहणाऱ्या नद्या, त्यांची पूरमैदाने आणि तळी यांच्या गाळाचे ते बनले आहेत. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती त्यांत भरपूर आहे. ती पाण्याने फुगते आणि वाळली की टेकडीचा सगळा पृष्ठभाग लाह्या पसरल्यासारखा खरखरीत, भुसभुशीत होतो. पाऊस पडला तर याच मातीवर ना माणूस उभा राहू शकतो ना चाक. जुन्या नदीपात्रांतील वाळू आणि गोटे घट्ट होऊन टिकले, आजूबाजूची मऊ माती झिजून गेली, त्यामुळे एके काळी खोलगट असलेली पात्रे आज उंच कण्यांसारखी जमिनीवर उभी दिसतात. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनीही अशी उलटी नदीपात्रे टिपली आहेत. २०१२ मध्ये मंगळावरच्या गेल विवरात उतरलेल्या नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरला तळ्याच्या गाळाचे खडक सापडले आणि २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्स रोव्हरसाठी जेझेरो विवर निवडले गेले ते तेथील प्राचीन त्रिभुज प्रदेशामुळेच. म्हणून आमच्या भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने हे वाळवंट म्हणजे केवळ मंगळासारखे दिसणारे ठिकाण नव्हते. कोणत्या खडकात जीवनाच्या खुणा टिकतात हा तेथे विचारायचा खरा प्रश्न होता.

त्याच्याबरोबरच्या एका ईव्हीएत मी मदतनीस होते. फिकट, अर्धपारदर्शक दगड शोधायचे, जमिनीत रुतलेला दगड उलटायचा आणि खालच्या बाजूला काही दिसते का ते पाहायचे, एवढेच काम. अशा दगडातून थोडासा प्रकाश खाली झिरपतो, ओलावा जरा जास्त काळ टिकतो आणि वरच्या कडक उन्हापासून बचाव होतो, त्यामुळे काही सूक्ष्मजीव अगदी त्याच जागी तग धरतात. बरेच दगड कोरडे निघाले. मग त्याने मुठीएवढा एक दगड उचलून माझ्या हेल्मेटसमोर धरला. मातीत रुतलेल्या भागाच्या कडेने, जमिनीच्या पातळीच्या जरासे खाली, नखाएवढ्या रुंदीची एक हिरवट पट्टी फिरलेली होती. माझ्या श्वासाने काच धुरकट झाली होती. नाक वर करून पंख्याची हवा काचेवर येऊ दिली तेव्हा ती पट्टी स्पष्ट झाली. दगडाच्या पोटाच्या मध्यावर, जेथे प्रकाश पोहोचत नव्हता, तेथे ती नव्हती. पुस्तकातल्या तीन ओळी त्या दगडावर उघड दिसत होत्या.

तो नमुना पिशवीत घालण्यासाठी जे करावे लागले ते खऱ्या कामाचे मोजमाप आहे. जाड मोज्यांनी पिशवीचे तोंड उघडत नाही. पेन पकडता येते, पण अक्षर वाचण्यासारखे येत नाही. दगडाला मोज्याचा स्पर्श झाला तर तो सूक्ष्मजीवांच्या तपासणीसाठी निरुपयोगी. आम्ही पिशव्यांवर आतच क्रमांक लिहून आणले होते, त्यांच्या कडांना ओढण्यासाठी चिकटपट्टीचे कान लावले होते आणि चिमटे मनगटाला दोरीने बांधले होते. तरीही दगड ठेवणे, छायाचित्र घेणे, क्रमांक आणि जागा रेडिओवर हॅबकॉमला सांगणे आणि त्याने ते पुन्हा उच्चारून दाखवणे, यात घरच्या कपड्यांत लागला असता त्याच्या अनेक पट वेळ गेला. पुढच्या बेतात आम्ही थांबण्याच्या जागा निम्म्यावर आणल्या. एखादी मोहीम किती नमुने आणू शकेल याचा अंदाज टेबलावर बसून केला तर तो हमखास फुगतो, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

परत आल्यावर पुन्हा एअरलॉक, सूट झटकणे, काच पुसणे, बॅटऱ्या चार्जिंगला लावणे. मातीची बारीक पूड चेनमध्ये आणि सांध्यांत शिरते, म्हणून प्रत्येक सूट ब्रशने साफ केल्याशिवाय वरच्या मजल्यावर कोणी जायचे नाही. मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाची क्षारद्रव्ये आहेत आणि ती माणसाला अपायकारक असतात; त्यामुळे ही सफाई तेथे जीवावरची बाब असेल.

जेवण वाळवलेल्या आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या पदार्थांचे असे. भाज्या पाण्यात भिजवून फुलवायच्या, दूध आणि अंडी भुकटीची. हवाईच्या केंद्रातील २०१३ ची पहिली मोहीम मुख्यतः अन्नाच्याच अभ्यासासाठी होती: पाकिटातले तयार जेवण आणि टिकाऊ शिध्यापासून तुकडीने स्वतः शिजवलेले जेवण यांची चार महिने तुलना करण्यात आली. स्वयंपाकाला पाणी, वीज आणि वेळ जातो हे मी अभियंता म्हणून रोज मोजत होते, आणि तरीही माझे मत स्वयंपाकाच्याच बाजूचे आहे. हरितगृहातील चार ताजी पाने ताटात आली त्या रात्री टेबलावर लोक जास्त वेळ बसले.

आमच्या मुक्कामाच्या मध्यावर आभाळ भरून आले आणि सलग काही दिवस ऊन जवळजवळ पडलेच नाही. रात्री थोडे बर्फही झाले. बॅटरीची सकाळची पातळी रोज आदल्या दिवसापेक्षा खाली दिसू लागली. जनरेटर होता, पण आम्ही त्याला हात न लावण्याचा निश्चय केला, कारण ज्या हवेत ऑक्सिजन जवळपास नाहीच तेथे इंधन जाळून चालणारे जनरेटर कामाचे नाहीत. मंगळावर पोहोचणारे ऊन मुळातच पृथ्वीच्या ४३ टक्क्यांच्या आसपास असते, आणि २०१८ च्या ग्रहव्यापी धुळीच्या वादळात ऑपर्च्युनिटी रोव्हरचा आवाज जूनमध्ये बंद झाला तो सौर पॅनेलला ऊन न मिळाल्यामुळे. नंतर अनेक महिने हाका मारूनही उत्तर आले नाही आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये नासाने ती मोहीम संपल्याचे जाहीर केले. त्यामुळे आमची ढगाळ हवा ही मला सरावातील अडचण वाटली नाही. सरावाचा सर्वांत मोलाचा भाग आता सुरू झाला, असे मी टेबलावर बोलूनही दाखवले.

प्रत्येक उपकरण किती वीज खाते याची यादी मी काढली. ओव्हन बंद, पाणी तापवायचे तर फक्त दुपारी, लॅपटॉप दुपारीच चार्ज करायचे, संध्याकाळी टेबलावर एकच दिवा. एवढ्याने पुरले नाही. शेवटी दोन मोठे ग्राहक उरले, हरितगृहाची उष्णता राखणारी यंत्रणा आणि रोव्हर. हरितगृहाचे तापमान रात्री उतरू दिले तर कोवळी रोपे जातील आणि आधीच्या तुकड्यांनीही वाढवलेला प्रयोग मोडेल; रोव्हर चार्ज केले नाहीत तर भूवैज्ञानिकाच्या दूरच्या दोन जागा राहतील. तो या जागांचा अभ्यास करण्यासाठीच इतक्या लांबून आला होता. त्याने शांतपणे पण ठामपणे आपली बाजू मांडली, हरितगृह सांभाळणारीने तिची मांडली, आणि दोघांचेही म्हणणे रास्त होते. कमांडरने निर्णय देण्याआधी मला एकच प्रश्न विचारला: चुकल्यास कोणती गोष्ट परत मिळवता येते? खडक जागचे हलणार नव्हते. हरितगृह चालू राहिले, रोव्हर उभे राहिले आणि भूवैज्ञानिकाने चालत गाठता येतील अशा जागांचा नवा बेत आखला. त्याची नाराजी दोन दिवस जाणवत होती. ती त्याने लपवली नाही आणि कामातही येऊ दिली नाही, याबद्दल मला आजही त्याचा आदर वाटतो.

याच काळात मिशन सपोर्टला लिहिलेल्या निरोपांनी मला सर्वांत जास्त शिकवले. पृथ्वी आणि मंगळ यांतील अंतर सुमारे साडेपाच कोटी ते चाळीस कोटी किलोमीटर इतके बदलते, त्यामुळे रेडिओ संदेशाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटे लागतात. संभाषण अशक्यच होते. म्हणून केंद्रावरही निरोपांची देवाणघेवाण मुख्यतः संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेत, लिहूनच होते. 'बॅटरी उतरते आहे, काय करू?' असे विचारले तर पलीकडून आधी चार प्रश्न येतील आणि त्यांतच संध्याकाळ संपेल. म्हणून निरोप असा लिहायचा की त्यावर प्रतिप्रश्न उरू नये: सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे, गेल्या दिवसांशी तुलना, काय काय बंद केले, त्याचा किती परिणाम झाला, मी काय करण्याच्या विचारात आहे, उद्या ऊन पडले तर काय आणि न पडले तर काय, आणि ज्या बाबतीत तुमचा होकार किंवा नकार हवा तेवढ्याच बाबती शेवटी वेगळ्या. उत्तर आले नाही तर मी कोणत्या वेळी कोणते पाऊल उचलेन, तेही त्यात लिहायचे. असा निरोप लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर मला स्वतःलाच सापडे. दूर बसलेल्या तज्ज्ञांचा आधार मंगळावर असा उशिराच मिळणार असेल, तर निर्णयाचा भार तेथील माणसांकडेच सरकतो, आणि त्यांना तो पेलता यावा यासाठी प्रशिक्षणात यंत्रदुरुस्तीइतकाच वेळ लेखनाला द्यायला हवा.

लेखन तसेही कमी नव्हते. दिवसाचा गोषवारा, कामकाजाचा अहवाल, ईव्हीएचा अहवाल, हरितगृहाचा अहवाल, वार्ताहराचे टिपण, दुसऱ्या दिवसाच्या ईव्हीएची विनंती, छायाचित्रे. हे सर्व त्या संध्याकाळच्या वेळेत जायला हवे असे. त्या वेळी हॅबमध्ये फक्त कळफलकांचा आवाज असे. थकलेल्या माणसाला 'सर्व ठीक' एवढेच लिहिण्याचा मोह होतो. अभियंत्याच्या अहवालात तो सर्वांत घातक, कारण बिघाडाआधीचे लहान बदल अशाच दिवशी नोंदवायचे राहून जातात. एके संध्याकाळी पंपाचा आवाज मला किंचित वेगळा वाटला. पहिल्या दिवशीचे रेकॉर्डिंग लावून ताडून पाहिले, फरक खरा होता, गाळणी काढली तर तिच्यात गाळ साचलेला होता. ती धुतल्यावर आवाज पूर्ववत झाला. ही नोंद दोन ओळींची होती, पण कोणत्या आवाजानंतर गाळणी पाहावी हे पुढच्या माणसाला तिच्यातून कळणार होते.

माणसांविषयी फार लिहिण्यासारखे नाटक आमच्याकडे घडले नाही. दोन आठवडे हा काळ त्यासाठी अपुराच आहे. मॉस्कोतील मार्स-५०० प्रयोगात सहा जण ५२० दिवस बंद राहिले, २०१० ते २०११ या काळात, आणि त्यांपैकी बहुतेकांची हालचाल मंदावत गेल्याचे, झोपेच्या वेळा बिघडल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. ह्यूस्टनमध्ये नासाच्या चापिया या मंगळ-सरावाच्या पहिल्या मोहिमेत चार जण ३७८ दिवस राहिले आणि ६ जुलै २०२४ रोजी बाहेर आले. त्यांच्यापुढे आमचा मुक्काम म्हणजे तोंडओळख. तरीही पातळ भिंतींपलीकडचे घोरणे, ओट्यावर राहिलेला कप, एकाच वाक्याची रोज होणारी पुनरुक्ती, या गोष्टी पहिल्या आठवड्यातच टोचू लागतात. न्याहारीनंतरच्या बैठकीत आम्ही तक्रार कामाच्या भाषेत मांडायचे ठरवले: काय राहिले, त्याने कोणाचे काय अडले, आता कोण करणार. स्वभावावर बोलायचे नाही. आरोग्य अधिकारी प्रत्येकाशी वेगवेगळे बोलत असे आणि ते बोलणे तिच्यापाशीच राहत असे. या दोन गोष्टींनी बरेच निभावले.

हा सराव काय दाखवू शकत नाही, तेही नोंदवायला हवे. मंगळावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे, हवेचा दाब एक टक्क्याहूनही कमी, आणि किरणोत्सर्गापासून संरक्षण देणारे जाड वातावरण तेथे नाही. यांपैकी एकही गोष्ट युटात अनुभवता येत नाही. आपण दार उघडले तर मरणार नाही, हे मनाच्या तळाशी प्रत्येकाला ठाऊक असते आणि त्या भीतीचा अभिनय करता येत नाही, करूही नये. पण सात माणसांना दिवसाला किती पाणी लागते, मोज्यांतून एक नमुना घ्यायला किती मिनिटे जातात, ढगाळ दिवसांत कोणते काम आधी सोडावे लागते, ही उत्तरे येथे मिळतात, आणि ती अभिनयावर अवलंबून नसतात.

शेवटच्या दिवशी नवी तुकडी आली. मी त्यांच्या अभियंत्याला व्हॉल्व्ह, ब्रेकर आणि पंप दाखवले, ढगाळ दिवसांतील विजेची यादी दिली, आवाजाचे रेकॉर्डिंगही दिले. त्याने माझी रोजच्या नोंदींची वही बराच वेळ चाळली आणि विचारले की प्रत्येक कामाला किती वेळ लागला तो रकाना यात का नाही. आकडे होते, पण ईव्हीएपुरतेच. घरातल्या कामांचे नव्हते. मी पट्टी घेतली, वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर तो रकाना आखला आणि त्याने त्यात पहिली नोंद केली: ताबा घेणे, तीन तास दहा मिनिटे.